गिअर कुणी टाकला

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. आणि ती त्या सकाळी तिथेच होती – काठावर, बायकांच्या घोळक्यात. तिला सांगितलं नाही, मुलाला नाही. मग तुम्हाला का सांगतोय? मलाच नीट उमजत नाही.

अमळनेरच्या पुढे, तापीच्या काठी आमचं गाव. पूल व्हायच्या आधी, नव्वदच्या आसपास, पैलतीरी जायला आमचीच नाव होती. मी आणि माझा थोरला भाऊ, दोघं चालवायचो. वल्ही मारून खांदे भरून यायला लागले तसं भाऊने कुठूनतरी एक जुनं मशीन आणून नावेच्या मागे बसवलं. मशीन नामी, पण त्याला एक खोड होती. गिअर पडलेला असला तरी दोरी ओढताच ते चालू व्हायचं आणि नाव एकदम उसळी घ्यायची. म्हणून भाऊचा नेम – आधी गिअर काढायचा, मग मागे हाक द्यायची, ओ आली की मगच दोरी. आणि काठाजवळ पाण्यात कुणी उभं असेल तर मशीनचा दांडा वळवायचाच नाही. नावेचं तोंड बाहेर वळलं की तिचं बूड काठाकडे येतं, आणि बुडाला पंखा असतो.

मला हे सगळं पाठ होतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे अजाणतेपणाची सबब नको.

पण मला ती उसळी आवडायची. भाऊ नसला की मी मुद्दाम गिअर टाकूनच दोरी ओढायचो. नाव झेपावायची, बायका किंचाळायच्या, आणि मला वाटायचं, वा, काय गडी आहे!

श्रावणातला सोमवार होता, कानबाईला, आमच्या खानदेशातल्या देवीला, नदीवर निरोप द्यायचा. त्या वर्षी पाऊस मागे पडलेला, तापीला पाणी बेताचंच. घरोघरच्या कानबाया डोक्यावर घेऊन बायका गात गात काठाला आल्या होत्या. माझं लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं. बायको नव्या लुगड्यात त्यांच्यात उभी. पलीकडच्या गावचे पाहुणे नावेत बसले होते आणि भाऊ मागे गुडघाभर पाण्यात उतरून खुंट्याची दोरी सोडत होता. माझी हाक येईल म्हणून तो थांबला असेल ना? मी हाक दिली नाही. बायको बघतेय का, एवढंच बघितलं. मग गिअर टाकला, दांडा वळवला आणि दोरी ओढली.

ती हसत होती. मग हसायची थांबली.

भाऊचा उजवा पाय अर्धाच राहिला. अमळनेरला नेताना जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याने विचारलं, "गेर पडेल व्हता का रे?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "हा, भाऊ. काल तू नाव बांधी, तवय तसाच ऱ्हायी गया व्हई."

त्याने लगेच विश्वास ठेवला. माझी हाक बायकांच्या गाण्यात बुडाली आणि नाव उसळीनेच वळली, असं त्याने धरलं. आदल्या संध्याकाळी नाव त्यानेच बांधली होती, हे खरं. पण तो गिअर विसरेल? तो? स्वतःवर शंका घेतली त्याने, माझ्यावर घ्यायचं त्याला सुचलंच नाही.

पुन्हा कधी त्याने मशीनला हात लावला नाही. "मना भरोसा नही," म्हणायचा. नाव माझ्याकडे आली. लाज वाटायची – पण दांडा सोडला का मी? नाही सोडला. तो काठावर बसून प्रत्येक खेपेला ओरडायचा, "गेर काढा का?" पुढे माझा मुलगा मशीन शिकायला लागला, तेव्हा भाऊने धोतर वर करून त्याला पाय दाखवला. "मी एकडाव इसरनू, दख." मी शेजारीच टाकीत रॉकेल ओतत होतो. ओतत राहिलो.

भाऊ गेला त्याच्या आदल्या दिवशी त्याने मला जवळ बोलावलं. वाटलं, कळलंय त्याला. खरं सांगू, कळलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "मनी चुकीमुये तुना हातले डाग लागना रे. मनमा ठेवू नको."

मी "बरं" म्हणालो.