जागेवर थांबलेला ट्रॅक्टर

लग्न होऊन मी ठाण्याहून गिरीजला आले तेव्हा सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, नजर काचबिंदूने पार गेलेली होती. आयुष्यभर त्यांनी ट्रॅक्टर दुरुस्त केले होते. सकाळी ओट्यावर बसले की रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जुना ट्रॅक्टर ते कानाने ओळखत आणि मलाही ओळखायला लावत. शेजारच्या काकांचा दोन सिलिंडरचा ट्रॅक्टर मला सगळ्यात आधी जमला. दर दोन ठोक्यांनंतर तो जरा दम घेतो.

दोन वर्षांपूर्वी काका मागच्या शेतात चिखलणी करत होते. मी कपडे वाळत घालत होते. बाबांनी हाक मारली.

"बाय, त्याचा ट्रॅक्टर बघ गो."

"चालू आहे की, बाबा."

"चालू हाय, पन जागेवर हाय. कवाधरनं तसाच. तो तंबाखू मळायला उतरला तरी इंजिन बंद करतो. जा, धाव."

मी कान दिला. खरंच, आवाज हलका होता, नांगराचं ओझं नसल्यासारखा. केळीतून धावत बांधावर पोचले तर काका चाकाशेजारी पालथे पडलेले, अर्धा चेहरा चिखलात. त्यांना कसंबसं उताणं केलं, तोंड पुसलं आणि जीव खाऊन ओरडले. वाडीत केळी भरणारी माणसं आली. त्यांच्याच टेम्पोतून आम्ही दवाखाना गाठला. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी निघाले होते. साखर उतरली होती. थोडा उशीर झाला असता तर नाकातोंडात चिखल जाऊन गुदमरले असते, असं डॉक्टर म्हणाले.

दुपारी परतले तेव्हा बाबा ओट्यावरच होते.

"हाय ना तो?"

"आहेत. बोलतायत."

त्यांनी हात जोडले. मग म्हणाले, "आता कोनीतरी तो ट्रॅक्टर बंद करा. सकाळपासून डिझेल जळतंय."

काका आठवडाभराने भेटायला आले. बाबांचा हात धरून बसून राहिले. काकू त्यांना आता एकटं शेतात जाऊ देत नाहीत, म्हणून काकांनी मला ट्रॅक्टर शिकवला. ते बांधावर बसून सांगायचे, मी चालवायचे. इंजिनीअर नवऱ्याला जे जमलं नाही ते मला जमतंय, याचा मला फार अभिमान वाटतो. हा अभिमान बाबांनी आणि काकांनी दिला.

यंदाची चिखलणी मी एकटीने केली. घरी येऊन पाय धूत होते, तर बाबा म्हणाले, "तिसऱ्या वळनावर क्लच उशिरा सोडलास."

"हो बाबा," मी म्हटलं.