तिसरं पाणी

टांकसाळीत त्याला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे त्याला 'तिसरं पाणी' म्हणायचे. साहेबसुद्धा. तिसरं पाणी आज रजेवर आहे का, तिसऱ्या पाण्याला जरा इकडे पाठव, असं सर्रास चालायचं, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. उलट मनातून आवडायचंच.

नाव पडलं ते त्याच्या हट्टापायी. चांदीचं नाणं पाडायच्या आधी त्याची नुसती कोरी चकती असते. अशा हजारो चकत्या साबणाच्या पाण्यात घुसळायच्या, मग ओळीने ठेवलेल्या तीन टाक्यांतून स्वच्छ पाण्याने विसळून काढायच्या, वाळवायच्या आणि भट्टीत घालायच्या. भट्टीतून मऊ होऊन आल्या की ठशाखाली जायच्या. घाई असली की बाकीचे म्हणायचे, दोन पाण्यांत झाल्या की स्वच्छ, चला आता. हा आडवा उभा राहायचा. तिसरं पाणी झाल्याशिवाय चकती भट्टीकडे सोडायची नाही म्हणजे नाही. साबणाचा अंश डोळ्यांना दिसत नाही, पण भट्टीत तो चांदीत भाजला जातो आणि पुढे कधीतरी वर येतो, हे त्याला त्याच्या आधीच्या म्हाताऱ्या धुलाईवाल्याने पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. घरीही तीच तऱ्हा. त्याची बायको सांगायची, यांना प्यायला पाणी दिलं की आधी पेला तीनदा विसळतात, तोवर तहानच निघून जाते.

स्वतःच्या हाताने धुतलेल्या चकतीचं नाणं झालेलं बघायचा त्याला भारी नाद. दरवर्षी नवं नाणं निघालं की एक विकत घ्यायचा, पारदर्शक प्लॅस्टिकच्या गोल डबीत घालायचा आणि कपड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवायचा. अशी चौदा झाली होती. चौदाही लखलखीत.

पंधराव्या वर्षी घात झाला. त्या वर्षी नाण्यांना कधी नव्हे एवढी मागणी आली आणि नेमका तिसऱ्या टाकीचा पंप बंद पडला. नवा पंप येईपर्यंत थांबू या, असं तो साहेबाला सांगायला गेला. साहेबाने दोन पाण्यांतून काढलेली चकती बोटांत धरून त्याच्या नाकासमोर फिरवली. म्हणाला, चकचकीत दिसतेय की, आणखी काय हवंय तुला? तो तरीही उभाच राहिला, तेव्हा साहेबाने आवाज चढवला आणि आठ माणसांसमोर त्याला झापलं. झालं! जो माणूस तिसऱ्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं सगळ्यांशी भांडला, तो त्या दिवशी मान खाली घालून परत आला. पंप आठ महिन्यांनी आला. आठ महिने त्याने दोन पाण्यांतून काढलेल्या चकत्या भट्टीकडे सोडल्या आणि प्रत्येक टोपलीच्या चिठ्ठीवर 'धुलाई पूर्ण' म्हणून सही केली. त्याने तेव्हाच अडून बसायला हवं होतं, हे मी सांगायला नको. त्याचं त्यालाच पुरेपूर कळत होतं.

पुढच्या वर्षी सुट्टीच्या दिवशी डब्या पुसताना त्याला आपल्या पंधराव्या नाण्यावर पांढरा ठिपका दिसला. त्या नाण्यावर धावता घोडा होता आणि ठिपका घोड्याच्या मानेवर होता. दुधाचा थेंब पडून वाळावा तसा. पुसून जाईना, कारण तो वर नव्हताच, चांदीतच होता.

वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी नाणी जमवणारे जमतात, असं त्याने ऐकलं होतं. आणखी कुणाच्या घोड्याला असं झालंय का ते बघावं, म्हणून तो भीतभीत तिथे गेला. तिथे तर रणच पेटलं होतं. दहा-बारा माणसं टेबलाभोवती, प्रत्येकाच्या हातात भिंग, आणि प्रत्येकाच्या घोड्यावर डाग. कुणाच्या पायावर, कुणाच्या पोटावर, एकाच्या तर ऐन डोळ्यात. एक जण सोड्याने घासून बघून आला होता, दुसऱ्याने कसल्याशा औषधात बुडवून नाणं पार मळकट करून आणलं होतं. टांकसाळीत हे धुतो तरी कोण मेला, असं कुणीतरी ओरडलं. तेवढ्यात एकाने ह्याला विचारलं, तुम्ही काय करता? टांकसाळीत असतो, हे तोंडातून निघून गेलं. सगळे वळून बघायला लागले. मग तो घाईने म्हणाला, "स्टोअरला असतो मी. कागदपत्रांचं काम."

त्या गदारोळात एकच माणूस गप्प होता. तो चित्रकलेचा मास्तर. मास्तरांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि आपला घोडा दाखवला. त्यावर तीन ठिपके होते आणि एका जागी बारीक ओरखडे. मास्तर म्हणाले, खोडरबराने घासून पाहिलं, डाग जरा फिका झाला पण नाण्याचा चेहराच गेला. आयुष्यभर पोरांना सांगत आलो, जोर लावून खोडू नका, कागद फाटतो, आणि म्हातारपणी मीच हे केलं. यावर दोघंही हसले. दोस्ती जमली ती तिथेच. पुढे बैठक संपली की मास्तर त्याला घरी घेऊन जायला लागले.

मास्तरांचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मेज, त्यावर ब्रश, पेन्सिली, आणि बाजूला कुलूपबंद कपाट. आत स्वयंपाकघर, आणि तिथे वहिनी. घोड्याच्या वर्षी मास्तरांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, म्हणून ते नाणं त्यांनी दोघांची आठवण म्हणून घेतलं होतं. वहिनींना त्याचं केवढं कौतुक! बहीण आली तेव्हा त्यांनी ते डबीतून काढलं, स्वयंपाकघरातल्या फडक्याने छान पुसलं आणि तिच्या हातावर ठेवलं. नाणी जमवणाऱ्या माणसापुढे याहून मोठा गुन्हा नाही. नाण्याला उघडा हात लावायचा नाही आणि पुसायचं तर मुळीच नाही. चार महिन्यांनी डाग उमटले आणि मास्तरांचा हिशेब पक्का झाला: इतरांच्या घोड्यावर एकेकच डाग, आपल्यावर तीन, म्हणजे हे हिच्याच हातांचं.

मास्तर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, एकदाचं भांडण होऊन मिटलं असतं. त्यांनी कपाटाला कुलूप लावलं आणि बायकोच्या हातात काही देणं बंद केलं. वर्तमानपत्र वाचून झालं की ते मेजावर ठेवायचे, तिच्या हातात नाही. चष्मा, पत्र, औषधाची पुडी, सगळं खाली ठेवायचं, मग तिने उचलायचं. पाहुण्यांना घोडा दाखवताना हसत म्हणायचे, ही आमच्या हिची हस्तकला. पाहुणे हसायचे. वहिनी आत निघून जायच्या.

आणि तो माणूस, ज्याला खरं काय ते ठाऊक होतं, समोर बसून चहा प्यायचा. वहिनी कप उचलण्याआधी हात फडक्याला पुसायच्या, पुन्हा पुसायच्या, मग कपाला हात लावायच्या. ते बघत तो चहा संपवायचा आणि छान झालाय म्हणायचा.

घरी बायकोला त्याने सगळं सांगितलं होतं. ती दर रविवारी विचारायची, सांगितलंत का? नाही म्हटलं की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. एवढं काय मूग गिळून बसलात, एक वाक्य तर बोलायचंय. त्याचं म्हणणं, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, बाहेर बोभाटा झाला तर नोकरी जाईल. तीन वर्षं गेली, निवृत्त झाला, हार घालून घेतला, आणि तरी जीभ रेटेना. आता कारण नवं होतं. आपण पहिल्या दिवशी खोटं बोललो ते मास्तरांना कळेल, आणि या वयात दुसरा दोस्त कुठून आणायचा? बायको म्हणाली, तुमच्यापेक्षा तो पंप बरा, तो निदान आठ महिन्यांत सुरू झाला.

एकदा तर संधी चालत आली होती. तो निघाला होता आणि वहिनी जिन्यापर्यंत मागे आल्या. आत मास्तर रंग कालवत होते. वहिनींनी हळू आवाजात विचारलं, "भाऊजी, तुम्ही टांकसाळीतले. खरं सांगा, माझ्या हाताने झालं का हो ते?"

तो कठड्याला धरून उभा राहिला. ओठांपर्यंत आलं होतं. पण तो म्हणाला, "असं सांगता येत नाही वहिनी. होतं कधीकधी."

वहिनींनी मान हलवली आणि आपल्या तळव्यांकडे पाहिलं. "माझे हात पहिल्यापासून घामट," म्हणाल्या आणि आत गेल्या. तो रस्ताभर स्वतःला शिव्या घालत घरी आला. पुढच्या रविवारी नक्की सांगायचं असं ठरवलं, आणि ते ठरवणं पुढे पाच वर्षं चाललं.

वहिनी गेल्या त्या अवघ्या नऊ दिवसांच्या आजारात. दवाखान्यात जायला त्याला तोंडच नव्हतं. महिना उलटल्यावर बायकोने त्याला अक्षरशः दाराबाहेर काढलं. आज सांगून या, नाहीतर घरी येऊ नका, म्हणाली.

मास्तरांच्या घरी कपाट सताड उघडं होतं. किल्ली कुलपाला लटकत होती. मास्तर खुर्चीत बसून होते, घोडा मांडीवर, डबीबाहेर, उघड्या हातात. ये, म्हणाले. मग मास्तर स्वतःहून सांगायला लागले. शेवटच्या दिवशी ते पलंगाशी बसले होते आणि त्यांनी तिचा हात धरायला हात पुढे केला.

"तर तिने हात मागे घेतला," मास्तर म्हणाले. "मला म्हणाली, थांबा, पुसते. चादरीला हात पुसत राहिली रे. पुसता पुसताच गेली."

तेव्हा त्याने सांगितलं. एका दमात सांगितलं, पंप, आठ महिने, चिठ्ठ्यांवरच्या सह्या, स्टोअरचं खोटं, सगळं. डाग नाणं पाडायच्या आधीच आत होता. वहिनींनी पुसलं नसतं तरी उमटला असता. ती डबी कधी उघडली नसती तरी उमटला असता. सांगताना तो रडत होता आणि आपण रडतोय याची त्याला लाजही वाटत होती.

मास्तरांनी नाणं मेजावर ठेवलं. बारा वर्षं ते त्याला अरे-तुरे करत आले होते.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या रविवारपासून."

"म्हणजे ती होती तेव्हापासून."

त्याने मान हलवली. खिडकीखालून कुणीतरी सायकलवरून घंटी वाजवत गेलं. मग मास्तरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं.

"मला सांगून काय उपयोग? तिने विचारलं होतं ना तुम्हाला? मला सांगितलं होतं तिने, भाऊजींना विचारलं म्हणून. जा. आत जाऊन तिला सांगा."

तो उठला. स्वयंपाकघरात भांडी पालथी घातलेली होती, ओटा कोरडा होता, नळाशेजारच्या खिळ्याला ते फडकं टांगलेलं होतं. वाळून कडक झालेलं. तो फडक्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, तुमच्या हाताने नाही झालं ते. माझ्या हाताने झालं."

"ऐकू आलं नाही," बाहेरून मास्तरांचा आवाज आला.

त्याने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

"अजून एकदा."

त्याने तिसऱ्यांदा सांगितलं. बाहेरून मास्तरांचा आवाज आला नाही. तो तिथेच उभा राहिला, ओट्याला हात लावायचीही त्याची हिंमत होईना.