भुतांच्या गोष्टी लिहिणारी मुलगी

अकोल्याच्या एका दैनिकात मी पुस्तकांवर लिहिते. तीही लेखकांनी पदरमोड करून छापलेली. अमरावतीच्या माझ्या घरी टपालाने गझला येतात, पाककृती येतात, प्रवासवर्णनं, खुनाच्या कादंबऱ्या. मोठे पेपर त्यांची दखल घेत नाहीत.

एकदा हिवरखेडचे एक शेतकरी स्वतःच पुस्तक घेऊन आले. पुस्तक त्यांच्या मुलीचं, भुतांच्या गोष्टींचं. ती अकोल्यात कॉलेजला होती. पुस्तक छापायचं तिनंच ठरवलं होतं, पण मधेच डेंग्यूनं गेली. राहिलेलं काम वडिलांनी पुरं केलं.

चांगलंच लिहीन, मी म्हणाले. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मेल्यावर सारेच चांगलं म्हणतात, मॅडम. तुमी तिले जिती समजून लिहा. तिले तेच पाह्यजे होतं."

मी वाचायला बसले. बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यातलं एक भूत माणसांना घाबरून कापसाच्या गाठींमागे लपतं, ते वाचून मला खुदकन हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले. पण गोष्टींचे शेवट तिनं घाईनं उरकले होते. तेही लिहिलं. 'पुढच्या पुस्तकात लेखिकेनं शेवटाची घाई करू नये,' या वाक्यापाशी बराच वेळ अडले. खोडावंसं वाटलं. पण त्यांनी मागितलं होतं ते हेच, म्हणून राहू दिलं.

रविवारी परीक्षण छापून आलं आणि त्यांचा फोन आला. त्यांनी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. भुताचं वाचताना ती हसली म्हणे. शेवट घाईचे आहेत म्हटल्यावर लेकीची बाजू घेऊन भांडलीही.

"मंग पुढच्या पुस्तकाचं आलं, तं उठली अन् आत गेली. अजून दार लावूनच बसून राहिली."

ते वाक्य नको होतं का, मी विचारलं.

"नाही, बराबर लिहिलं तुमी. पोरीले राग आला असता तुमचा. मंग तिनं दुसरं लिहिलंच असतं."

फोनवर त्यांचं रडणं ऐकू येत होतं. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.