कटरनं मागं मारलेली लाकडं

सुतारकामाच्या कारखान्यात चहाला बसलं की पहिला विषय निघतो तो बोटांचा. ज्याची दहा शाबूत आहेत तो ऐकतो, ज्याची नऊ आहेत तो सांगतो. बारा-तेरा वर्षांत माझ्याकडं असले किस्से इतके साठलेत की कुणाच्या लग्नाला गेलो तरी पंगतीत एखादा म्हणतोच, "दिगंबरराव, ते कटरचं सांगा की." मी सांगतो, लोक हसतात. माझी दहाही शाबूत आहेत, तरी सांगताना माझा डावा हात आपोआप मांडीखाली जातो, ते कुणाला दिसत नाही.

आमचा कारखाना जालन्यात, एमआयडीसीच्या मागच्या रस्त्याला. दारं, चौकटी, पलंग असं काम. मालक किसनराव, मूळचे घनसावंगीकडचे शेतकरी. मोठे मिस्त्री रशीदचाचा, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो. नामदेव, ज्याच्या घरी आज्या-पणज्यापासून मेंढरं. आणि मी, मंठ्याजवळच्या खेड्यातला. बस, चौघं.

पाचवा कटर. कटर म्हणजे लोखंडी टेबल आणि त्याच्या मधल्या फटीतून वर आलेली दातेरी गोल चकती. लाकूड टेबलावरून पुढं ढकलत न्यायचं, चकती ते चिरत जाते. सरळ जावं म्हणून बाजूला एक पट्टी असते, तिला गाईड म्हणतात. सगळं नीट चाललं तर लोण्यासारखं काम. पण लाकूड जरा तिरकं झालं, कुठं अडकलं, तर चकती ते उचलते आणि जिकडून आलं तिकडंच फेकते. म्हणजे आपल्याच अंगावर. ह्याला आम्ही 'मागं मारलं' म्हणतो. ते दिसत नाही. झालं की कळतं.

* * *

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. आठवडाभर चाचांनी मला कटरच्या जवळ उभं राहू दिलं नाही. आठव्या दिवशी सकाळी त्यांनी प्यायच्या पाण्याचं रिकामं मटकं उचललं आणि कटरच्या अलीकडं, चांगलं पंधरा-वीस फुटांवर, एका स्टुलावर नेऊन ठेवलं. मला म्हणाले, भिंतीला चिकटून उभा राहा आणि बघ.

मशीन चालू केलं. स्वतः एका अंगाला उभे राहिले आणि लांब काठीनं एक हातभर फळी मुद्दाम तिरकी आत ढकलली.

फळी मी पाहिलीच नाही. एक फटका ऐकू आला आणि स्टुलावर मटकं नव्हतं. खापऱ्या पार दारापर्यंत गेल्या होत्या.

चाचांनी मशीन बंद केलं, चकती पूर्ण थांबेपर्यंत थांबले, मग म्हणाले, "स्टुलावर तुझं पोट ठेवलंतं असं समज. चकतीच्या रेषेत कधी उभं राह्यचं न्हाई."

त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही.

* * *

नामदेवचा मात्र ह्या सगळ्यावर विश्वास नव्हता. गडी अंगानं दांडगा. तो सांगायचा की मी एडका शिंगाला धरून थांबवलाय, लाकूड हातातून कसं सुटतंय ते बघतो.

एकदा बाभळीची ओली फळी चिरायला घेतली. ओल्या बाभळीचा भरवसा नसतो. आतून पिळलेली असते, आणि चिरत जाल तशी मागची फट पुन्हा मिटत जाते. निम्मी फळी झाली नाही तोच मशीनचा आवाज बदलला. घशात घास अडकावा तसा घोगरा झाला. चाचांनी पलीकडून ओरडून सांगितलं की बंद कर. नामदेवनं आणखी जोर लावला.

चिरलेल्या फटीनं चकतीला मागून चिमटीत धरलं होतं. फळी टेबलावरून उठली आणि नामदेवच्या पोटात बसली. तो काहीच बोलला नाही. हळूच खाली बसला, जेवायला बसावं तसा. ओठ पांढरे, डोळे उघडे, श्वास नाही. मी बटण दाबलं आणि त्याच्यापाशी गेलो. चाचा त्याची पाठ चोळत होते. मला वाटलं, गेला. खरंच वाटलं. ह्याच्या घरी कुणी जाऊन सांगायचं, हासुद्धा विचार माझ्या मनात येऊन गेला.

मग त्याला एकदम श्वास आला. दवाखान्यात नेलं. आत काही फुटलेलं नव्हतं. पोटावर मात्र फळीच्या टोकाचा चौकोन महिनाभर होता, आधी काळा, मग हिरवा, मग पिवळा.

कामावर परत आला तेव्हा मी विचारलं, काय रे, एडका बरा का हे बरं?

"एडका मारायच्या आधी मान खाली घालतो," तो म्हणाला. "ह्ये सांगत न्हाई."

चकतीच्या मागं उभी राहणारी एक पातळ लोखंडी पत्ती मशीनबरोबरच आली होती. चिरलेली फट मिटू द्यायची नाही, एवढंच तिचं काम. मधे मधे येते म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी ती काढून टाकली होती. त्या दुपारी आम्ही सगळा कारखाना पालथा घातला. पत्ती खिळ्यांच्या डब्याखाली सापडली, तेलकट कागदात तशीच गुंडाळलेली. चाचांनी ती बसवली.

* * *

मालकांचा किस्सा ऐका. एका लग्नाचा पलंग द्यायचा होता. पोरीकडचे लोक दारात टेम्पो घेऊन उभे, आणि डोक्याकडची फळी बोटभर लांब निघाली. मी चहाला गेलेलो, चाचा नमाजाला. किसनराव म्हणाले, एवढंसं तर कापायचंय, आणि स्वतःच कटरवर गेले.

रुंद फळी आडवी कापायची तर ती नुसती गाईडला टेकवून चालत नाही. फिरते. किसनरावांनी टेकवली. फळी फिरली आणि तिचा एक कोपरा त्यांच्या तोंडावरून गेला.

मी आत आलो तेव्हा मालक मशीनपासून चार हात लांब उभे होते. चष्मा नाही. नाकावर एक बारीक ओरखडा, रक्ताचे दोन थेंब. बाकी काही नाही. मी धावत जाऊन विचारलं, मालक, लागलं का?

ते शांतपणे म्हणाले, "न्हाई, न्हाई. नंबर बदलायचाच व्हता."

टेम्पोवाले हसले, मीही हसलो. थोड्या वेळानं मी ऑफिसात पाणी घेऊन गेलो, तर किसनराव दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून बसले होते. बोटं पांढरी पडली होती. मी ग्लास पुढं केला, पण त्यांना टेबल सोडता येईना. शेवटी मीच पाजलं.

चष्मा तीन दिवसांनी सापडला. वर, लाकडं ठेवायच्या माळ्यावर.

* * *

चाचांच्या उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. ती ह्या कटरनं नाही, त्यांच्या तरुणपणी एका वखारीत गेली. ते कधी सांगत नसत. एकदाच सांगितलं.

दिवसाचं काम संपलं होतं. त्यांनी तिथल्या कटरचं बटण बंद केलं. शेजारी दुसऱ्या मोठ्या मशीनचा एवढा गोंगाट की कान बंद झालेले. टेबलावर चकतीला लागून एक छोटा तुकडा पडला होता, काडेपेटीएवढा. म्हटलं, झाडून काढावा. बोटानं टिचकी मारली. चकती अजून फिरतच होती. तिनं तुकडा ओढला, आणि तुकड्याबरोबर हात.

दुखलं का, असं नामदेवनं विचारलं. चाचा म्हणाले, तेव्हा काहीच नाही दुखलं. भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. हात वर केला तर समोरचा माणूस दिसला, बोटं होती तिथून.

चाचांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आवाज गेला म्हंजे ती थांबली असं न्हाई," एवढंच म्हणाले आणि उठले.

* * *

नामदेवच्या आणि मालकांच्या प्रकारानंतर माझं काय झालं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. कटर चालू करायच्या आधी मी तीन-तीनदा पाणी प्यायला जायचो. गाईड तपासायचो, पत्ती तपासायचो, चकती लाकडाच्या जरा वरच आहे ना, जास्त नाही ना, ते बघायचो. आणि सगळं नीट असूनही बटणावर ठेवलेलं बोट मी परत काढून घ्यायचो. मला वाटायचं, धंदाच सोडावा. गावाकडं जावं, कापूस वेचावा.

एक दिवस चाचा शेजारी येऊन उभे राहिले. विचारलं, "डर लागून राह्यला का?"

मी ताठ होऊन सांगितलं, बिलकुल नाही.

"मंग आज मशीनला हात लावू नको. जा, पॉलिश कर."

दिवसभर मी पॉलिश केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. मी पुन्हा नाही म्हटलं, पुन्हा पॉलिश. तिसऱ्या दिवशी खाली बघूनच मी म्हणालो, लागतो चाचा. लई लागतो.

चाचांनी काठी माझ्या हातात दिली. "बराबर. आता लाव."

* * *

ती काठी म्हणजे लाकूड शेवटपर्यंत ढकलायची काठी. टोकाला खाच असते. चकतीजवळ हात न्यायचा नाही, काठी न्यायची. आमच्या काठ्यांची टोकं उंदरानं कुरतडल्यासारखी असतात. त्यातला प्रत्येक चावा खरं तर कुणाच्या तरी बोटाला बसायचा होता.

दसऱ्याला हत्यारांची पूजा मांडली, तर नामदेवनं झेंडूची माळ कटरला सोडून पहिल्यांदा काठीला घातली. किसनराव म्हणाले, अरे, पोट भरतं ते मशीन, आणि हार काठीला?

नामदेव म्हणाला, "मालक, मशीन पोट भरतं. पोट ऱ्हातं ते काठीनं."

* * *

आता गेल्या उन्हाळ्यातलं सांगतो. हे मी पंगतीत सांगत नाही.

मंठ्याकडं आमच्याच गावात एकाचं नवीन घर बांधणं चालू होतं. खिडक्या-दारं तिथंच बनवायची ठरली म्हणून छोटा कटर टेम्पोत घालून नेला होता. उन्हासाठी बाजूला पत्र्याचं शेड उभारलं, तीन बाजूंनी पत्रे, कोपऱ्यात आत यायला जागा. नामदेव खिळे आणायला मंठ्याला गेला होता. मी एकटाच होतो आणि दाराच्या कडेला लावायच्या सागाच्या पट्ट्या काढत होतो, दोन बोटं रुंद, चांगल्या हातभर लांब.

अशी बारीक पट्टी चिरताना ती गाईड आणि चकती ह्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत असते. मागची पत्ती इथं कामाला येत नाही. काठीनं ढकलत ढकलत ती चकतीच्या पार पलीकडं घालवायची, मधे थांबायचं नाही. थांबलात की ती बाणासारखी परत येते. हे मला पाठ होतं. मी स्वतः एका अंगाला उभा होतो. चकतीच्या रेषेत मागं पत्र्याची भिंत, तिथं कुणी असायचा प्रश्नच नव्हता.

माझी बायको शोभा रोज डबा घेऊन गावातल्या आमच्या घरून यायची. ती बाहेरूनच हाक मारायची, मी मशीन बंद करून जायचो. त्या दिवशी ऊन फार होतं. ती कोपऱ्यातून आत आली आणि सावलीला माझ्या पाठीमागं, नेमकी त्या रेषेत, पत्र्याला लागून उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली.

मी मान वळवली. हातातल्या काठीचा जोर गेला. तेवढाच.

माझ्या कमरेजवळून वारा गेला. पत्र्यावर गोळी लागावी तसा आवाज झाला. मी जिथं शोभा उभी पाहिली होती तिथं शोभा नव्हती.

बटण कसं दाबलं आठवत नाही. मग ती मला दिसली. पत्र्याशी उकिडवी बसली होती. हातातली पिशवी जमिनीवर टेकवायला खाली बसली होती, हाक मारल्याबरोबर. पदर डोक्यावर तसाच. एक हात पिशवीच्या बंदात अडकलेला.

तिच्या डोक्याच्या वर पत्र्याला भोक पडलं होतं आणि त्यातून उन्हाची पट्टी आत आली होती. सागाची पट्टी पत्रा फोडून बाहेर गेली होती.

चकती थांबली, शेडमध्ये एकदम शांत झालं. बाहेर गवंड्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

शोभा उठली. भोकाकडं वळली. त्याच्यात एक बोट घातलं आणि काढलं. मग तिनं पत्र्याला पाठ लावली, सरळ उभी राहिली, आणि भिंतीशी उभं करून पोरांची उंची मोजतो तसा तळहात आडवा धरून भोकापासून स्वतःच्या अंगावर आणला. तो छातीच्या बरोबर मधोमध आला. तिनं तो तिथंच ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही.

मग खाली वाकून तिनं पिशवीतून डबा काढला, पदरानं पुसला आणि कटरच्या टेबलावर, चकतीच्या शेजारी ठेवला.

"गरम हाय तवर खाऊन घ्या," ती म्हणाली.