रमजानात सुरू होणारा नाताळ

नाताळ पंचवीस डिसेंबरला येतो, असं जगभरचे ख्रिस्ती लोक समजतात. तो रमजानात सुरू होतो, हे फक्त आमच्या साडभाऊंना ठाऊक आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे अशा माणसाला नुसतं साडू म्हणून मोकळे होतात. आमच्या वऱ्हाडात त्याला भाऊ जोडतात, आणि एकदा भाऊ म्हटलं की कामाला नाही म्हणायची सोय राहत नाही. ते राहतात दारव्ह्याला, मी यवतमाळला, आणि माझी नोकरी लोहाऱ्याच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये. दिवसभर कारखान्याचा माल आत-बाहेर करून मी घरी निघावं, तेवढ्यात त्यांचा फोन येतो. कसे आहात, पोरं बरी आहेत का, असल्या गोष्टींत ते वेळ घालवत नाहीत. "साडभाऊ, कळंबची फेरी लागली तुमाले," एवढं सांगतात आणि फोन ठेवतात.

फेरी हा त्यांच्या नोकरीतला शब्द. साडभाऊ दारव्ह्याच्या बस डेपोत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या खिडकीआड बसून कोणती गाडी लागली, कोणती सुटली, कोणती लेट आहे, हे भोंग्यातून सांगणारा आवाज तीस वर्षं त्यांचा होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण घरातही ते भोंग्यातूनच बोलतात. जेवायची वेळ झाली की "हातपाय धुवून तयार राहावं" असं पुढच्या खोलीतून ऐकू येतं, आणि घरात तर ते आणि ताई, म्हणजे माझी मोठी मेहुणी, दोघंच असतात. या तीस वर्षांत त्यांनी यच्चयावत लोकांच्या सणांना जादा गाड्या सोडल्या. कळंबच्या चिंतामणीची चतुर्थी, दर्ग्याचा उरूस, दसऱ्याला नागपूरला निघालेली बौद्ध मंडळी, दिवाळीच्या माहेरवाशिणी, सगळ्यांच्या तारखा त्यांना तोंडपाठ. गल्लीतल्या बायका त्यांना एकादशी विचारतात. बाजारातले खजूरवाले मियाँजी चंद्र कधी दिसेल याचा अंदाज विचारतात, आणि तो चुकला तर साडभाऊंना चंद्राचा राग येतो.

आता एवढ्या ज्ञानाचा निवृत्तीनंतर उपयोग काय करावा? एखाद्यानं पंचांग काढलं असतं. साडभाऊंनी नाताळच्या किराण्याचं वेळापत्रक काढलं. त्यामागे त्यांचा एक सिद्धान्त आहे आणि तो ते दरवर्षी मला नव्यानं समजावून सांगतात. "दारव्ह्यात आपली ख्रिस्ती घरं किती हायेत, साडभाऊ? त्यायच्यासाठी कोन ताजा माल उतरवून राह्यलं? ज्याचा सण, त्याचा माल ताजा. आपण त्याच्या गाडीत बसून घ्याचं." म्हणून केकचा खजूर घ्यायचा तो रमजानात, कारण तेव्हा रोज नवी पेटी फुटते. मैदा, रवा आणि अनारशाचे तांदूळ दिवाळीच्या आठवड्यात. केकचे साचे आणि त्यात घालायचा कागद दसऱ्याला, कारण तेव्हा त्यांचे जुने कंडक्टर मित्र दीक्षाभूमीला जातात आणि येताना नागपुरातून हमखास आणतात. नारळ कळंबहून, चतुर्थीच्या आदल्या दिवशी. आणि बोकड बोलून ठेवायचा तो मार्गशीर्षात, निम्मं गाव मटण खात नसताना, म्हणजे खाटिक निवांत असतो आणि निवडायला वाव मिळतो. या सगळ्यासाठी त्यांच्या पुढच्या खोलीत चार कॅलेंडरं टांगलेली असतात, त्यांतलं एक उर्दू, जे त्यांना वाचता येत नाही. त्यांवर तीन रंगांच्या पेनांनी खुणा. हा सिद्धान्त चुकीचा आहे, हे मला पंधरा वर्षांत एकदाही सिद्ध करता आलेलं नाही, आणि माझं खरं दुःख तेच आहे.

एकदा मी प्रयत्न केला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी कारखान्यात माल यायचा होता, म्हणून मी कळंबला गेलो तो चतुर्थीलाच. तेवढ्यानं काय बिघडतं, नारळाला कुठं तारीख असते? अकरा नारळ घेतले, पोत्यात घालून रविवारी दारव्ह्याला नेले. साडभाऊंनी एकेक नारळ कानाशी धरून हलवला, डॉक्टर लोक छाती ऐकतात तसा. सातव्याला थांबले.

"हे चतुर्थीच्या दिवसाचे होत."

"दादा, तुम्ही सांगितलं त्याच दिवसाचे आहेत," मी म्हणालो. खोटं बोलताना माणसानं फार ठामपणे बोलू नये, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

त्यांनी नारळ फिरवून माझ्यासमोर धरला. शेंडीजवळ कुंकवाचं ठसठशीत बोट होतं. कुणा भाविकाच्या ताटातून तो परत दुकानात आला असावा. पुढच्या वर्षीच्या ड्युटीच्या कागदावर माझ्या नावापुढे लाल खूण होती. होय, ते कागद काढतात. "फेरी क्रमांक तीन, यवतमाळ ते कळंब व परत, माल नारळ, चालक साडभाऊ" असं स्वच्छ अक्षरात लिहून घडी करून माझ्या बायकोच्या हाती देतात, म्हणजे माझ्याकडून हरवायला नको.

अनारशाच्या पिठाची गोष्ट याहून वरची. दिवाळीआधी दोनच दिवस चक्कीवाला जातं झाडून-पुसून अनारशाचं पीठ काढतो. त्या रांगेत बायकाच बायका असतात, आणि त्यांत डोक्याला मफलर गुंडाळून, तांदळाचा डबा मांडीवर घेतलेले साडभाऊ. पहिल्या वर्षी बायका हसल्या. दुसऱ्या वर्षी साडभाऊंनी रांगेत भांडण लागलेलं पाहिलं आणि सवयीनं उठून "अनारसेवाल्या इकडे, चकलीवाल्या तिकडे, डबे खाली ठेवू नये" असं पुकारलं. बायका मुकाट्यानं दोन्हीकडे झाल्या. तेव्हापासून चक्कीवाला दिवाळीला त्यांच्यासाठी खुर्ची राखून ठेवतो, आणि ते आले नाहीत तोवर जातं सुरू करत नाही.

एकाच माणसापुढे त्यांचं चालत नाही, ते म्हणजे बेकरीवाले चाचा. आमच्या घरातला केक घरी होत नाही. पीठ घरी कालवायचं, साच्यांत ओतायचं आणि बेकरीच्या भट्टीत द्यायचं. टोस्ट निघाल्यानंतर भट्टीचा जो ताव उरतो, तो केकला अचूक असतो. साडभाऊ घड्याळ घेऊन भट्टीच्या तोंडाशी बसतात आणि दर पाच मिनिटांनी किती वेळ, असं विचारतात. चाचा एका वर्षी शांतपणे म्हणाले, "साब, ये भट्टी है, बस नहीं. टाइम से नहीं निकलता, ताव से निकलता है." साडभाऊंनी घड्याळ खिशात घातलं. पण खिशात हात घालून ते चाचपत राहिले, हे मी पाहिलं.

यंदा तर वेळापत्रकाला ऊतच आला होता, कारण त्यांची एकुलती एक मुलगी यायची होती. ती बंगळुरूला एका कंप्युटरच्या कंपनीत आहे, आणि गेले तीन नाताळ तिला येता आलं नव्हतं. "यंदा येते, पप्पा," असं ती गणपतीच्या सुमारास फोनवर बोलून गेली, आणि माझ्या फेऱ्या तिनं दुप्पट केल्या. खजूर आधीच आलेला होता, तो पुरणार नाही म्हणून पुन्हा आणला. करंज्यांचं खोबरं दोनदा बदललं. चोवीसला दुपारी ती पोचणार, पंचवीसला उपासना संपून पाऊण वाजता पानं मांडणार, हे ऑक्टोबरातच लिहून भिंतीवर लागलं होतं. मी म्हणालो, "दादा, रजा मंजूर झाली का पोरीची, तेवढं विचारा." ते म्हणाले, "सगळ्या गावाले सुट्टी असते त्या दिवशी. रजा कायले लागते?"

तेवीस तारखेला आम्ही बेकरीत होतो. केक भट्टीत गेलेला, चाचा बाहेर खाटेवर बसलेले. साडभाऊंचा फोन वाजला. ते बोलत बोलत रस्त्यापर्यंत गेले, तिथे पाठमोरे उभे राहिले. मुलीच्या कंपनीत वर्षअखेरीचं काम निघालं होतं, रजा नाकारली होती, अठ्ठावीसच्या आधी पोचणं शक्य नव्हतं. साडभाऊंच्या चार कॅलेंडरांत जगातले सगळे सण होते, पण त्या कंपनीचे सण कुठेच छापलेले नव्हते.

"क्या हुआ, साब?" चाचांनी विचारलं.

"गाडी लेट हाय," साडभाऊ म्हणाले, "रद्द नाही." आणि भट्टीपाशी जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी चाचांना एकदाही वेळ विचारली नाही.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते पंचवीसच्या दुपारपर्यंतच. उपासना झाली, भेटीगाठी झाल्या, मी बायको-मुलांसह साडभाऊंच्या घरी पानावर बसलो. दहा महिने मी ज्या जेवणासाठी जिल्हाभर फिरलो होतो ते समोर येणार म्हणून सकाळी नाश्तासुद्धा केला नव्हता. ताईंनी वाढलं. वरण, भात, वांग्याची भाजी. मी वाट पाहिली. लोणचं आलं. आणखी वाट पाहिली, तर वरण पुन्हा आलं. केक, करंज्या, अनारसे, सगळे डबे कपाटात होते, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली साडभाऊंच्या खिशात. मटणाचं काय, म्हणून मी विचारलं. "अठ्ठावीसले सांगतलं खाटकाले," ते म्हणाले. म्हणजे त्या साऱ्या नियोजनाचा लाभ आजवर फक्त एका बोकडाला झाला होता. माझ्या धाकट्यानं करंजी मागितली, तर त्याला "गाडी लेट हाय" हे उत्तर मिळालं. बायकोनं मला डोळ्यांनी दटावलं नसतं, तर पंधरा वर्षांचं सगळं मी तिथंच बोललो असतो.

बोललो ते स्वयंपाकघरात, ताईंपाशी. "ताई, हे अति होऊन राह्यलं. सण आज हाय का अठ्ठावीसले?"

ताई भांडी आवरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुमी तवा आमच्या घरात आले नव्हते, भाऊजी. ह्यायले पंचवीसची सुट्टी कधीच भेटली नाही. मांगितलीच नाही ह्यायनं. शाळेच्या सहलींच्या गाड्या असत, डेपोत लोकं कमी पडत. घरी येता येता दिवस कलून जाये. पोरगी पाच-सहा वर्साची. केकच्या डब्यावर बसून राहे दिवसभर. डब्यावर, खरंच. कोनालेच उघडू देत नसे. पाहुणे म्हणत, बाई, एक तुकडा तं दे. तं म्हणे, पप्पाची गाडी लेट हाय, रद्द नाही."

मी परत पानावर येऊन बसलो आणि आणखी भात मागून घेतला. साडभाऊंकडे पाहायची मला लाज वाटत होती. ते मात्र मुलांना पाणी पोचलं का, हे भोंग्याच्या आवाजात विचारत होते.

अठ्ठावीसला मी रजा काढून दारव्ह्याला गेलो. नागपूरची गाडी दुपारी तीनला यायची. साडभाऊ दीड वाजल्यापासून स्टँडवर. ज्या खिडकीआड ते तीस वर्षं बसले, त्या खिडकीबाहेर उभे राहून त्यांनी नव्या नियंत्रकाला तीन वेळा विचारलं, "गाडी कुठलोक आली?" असं विचारणाऱ्या लोकांचा त्यांना किती संताप यायचा, याच्या कथा मी पूर्वी पुष्कळ ऐकल्या होत्या. त्या वेळी मी त्या कथांची आठवण करून दिली नाही. गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. मुलगी उतरली, म्हणाली, "पप्पा, लेट झाली." ते म्हणाले, "होते," आणि तिची बॅग घेतली.

घरी पानं मांडली तेव्हा चार वाजून गेले होते. करंज्या मऊ पडल्या होत्या. अनारसे तेवढे टिकले. मटण उत्तम होतं, हे मला नाइलाजानं लिहावं लागतं. साडभाऊंनी कुलूप काढून केकचा डबा आणला आणि तिच्यासमोर ठेवला. तिनं तो उघडला नाही. डबा खाली जमिनीवर ठेवला, आणि तीस वर्षांची ती बाई त्यावर बसली. पत्र्याचं झाकण दबल्याचा आवाज झाला. "आता कोणाची वाट पाहायची राह्यली का?" तिनं विचारलं. साडभाऊ चष्मा पुसत राहिले. ताईंनी तिला उठवलं, आणि तिनं केकचा पहिला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. झाकणाचा पोचा अजून तसाच आहे.

तीन दिवस राहून ती गेली. जाण्याआधी साडभाऊंनी तिला नव्या वर्षाच्या कॅलेंडरापाशी नेलं आणि विचारलं, "तुमच्या कंपनीचे सण कोनते, ते लिहून ठेव येच्यात." ती हसली. मग डिसेंबरचं पान उघडून तिनं पंचवीसला गोल केला, पण पेन्सिलीनं. "पेनानं नाही करत, पप्पा. नक्की नाही सांगता येत." त्या चार कॅलेंडरांवर पेन्सिलीची खूण तेवढी एकच आहे. मी नंतर गेलो तेव्हा पाहिलं, त्यांनी ती पेनानं गिरवलेली नाही. गाडी स्टँडात लागल्याशिवाय ते आली म्हणून लिहीत नाहीत.

परवा मी कारखान्यातून निघत होतो, तर फोन आला. "साडभाऊ, रोजे लागून राह्यले. खजुराची फेरी तुमाले."

इतकी वर्षं या फोनला मी काहीतरी कारण सांगत आलो. या वेळी मी विचारलं, "दादा, पोरीचं नक्की का यंदा?"

"पेन्सिलीत हाय," ते म्हणाले.

"मग किती आणू?"

पलीकडे कॅलेंडराची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "दरवर्षी आणता तेवढाच आणजा. अन् थोडा वरतून."