घाईमावशीची भोजली

घाईमावशी खुर्चीवर कधी नीट टेकलीच नाही. बसायची ती काठावर, खांद्याला पर्स, पायात चप्पल. स्वतःच्या स्वयंपाकघरातही ती "चाल, निघते मी" म्हणायची आणि आम्ही पोरं हसून लोळायचो. माझ्या आईची ही धाकटी बहीण. तिचे यजमान, आमचे काका, तरुणपणीच गेले, त्यांच्या जागी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागली आणि तिथेच तिचा जन्म धावपळीत गेला.

रिटायर झाली आणि पंचाईत झाली. एकुलता एक मुलगा नीलेश पुण्यात, आम्ही इकडे हिंदी मुलखात. बीरगांवच्या घरात करायचं काय? योगाचा क्लास धरला, आठ दिवसांत सोडला. भजनी मंडळात गेली, तिथे चाली संथ आहेत म्हणून भांडून आली. तेलीबांध्याच्या तलावावर हास्यक्लबात जाऊन आली नि म्हणाली, "सगळे हसून राहिले बाई, पण काहून हसून राहिले ते कोणीच सांगत नाही!" सुट्टीच्या दिवशी मी जावं, तर तिनं तेच कपाट पुन्हा लावायला काढलेलं. मला वैताग यायचा. खरं सांगायचं तर भीती वाटायची. माझीही पन्नाशी जवळ आली होती आणि माझाही पाय घरात ठरत नव्हता.

तिला बसवलं ते कोपऱ्यावरच्या भाजीवालीनं. सिलतऱ्याकडच्या खेड्यातली बाई, मावशीच्याच वयाची. मावशी रोज तिच्यासमोरून तीनदा तरातरा जायची. एक दिवस तिनं बसायचं पोतं पुढे सरकवलं. "काबर भागथस दीदी? बइठ न." आणि काय सांगू, मावशी बसली! मी गेले तेव्हा दोघी मांडी घालून लालभाजी निवडत होत्या. पर्स चक्क जमिनीवर.

राखीच्या दुसऱ्या दिवशी इकडे भोजली शिरवतात. टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब तलावात सोडायचे आणि त्यातले चार मैत्रिणीच्या कानावर खोवायचे. खोवले की मैत्री जन्माची. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, 'भोजली' म्हणायचं. खरं तर हे पोरीबाळींचं काम. मावशी एकसष्टाव्या वर्षी कानावर कोंब खोवून घरी आली.

"हे काय वय आहे का मावशी?" मी हसले.

"लग्न मायबापानं लावून देल्लं. नोकरी तुह्या काकाच्या जागेवर भेटली. पोट्टा देवानं देल्ला. मी सोता निवडलेलं माणूस हे एकच हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे रोखून बघत, "तुहं कोण आहे? नवरा-पोट्टे सोडून सांग."

मला असा राग आला! ऑफिस आहे, घर आहे, फुरसत कुणाला आहे, असं काहीबाही बोलून मी स्कूटी काढली. वाटेत ओठावर एकही नाव येईना. त्या रात्री नवरा म्हणाला, कशावरून चिडलीस? त्याच्यावरही ओरडले.

दोन वर्षांनी नीलेश तिला कायमची पुण्याला न्यायला आला. त्याचंही चुकत नव्हतं. एकट्या आईची काळजी कुणाला नसते? संध्याकाळची गाडी होती. बॅगा दारात होत्या. मावशी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नव्हती. मी निरोपाला गेले होते, तेवढ्यात शेजारची पोरगी धावत आली. भाजीवाली दुकानावरच कोसळली होती.

आम्ही दोघींनी तिला ऑटोत घातलं. दवाखान्याच्या काउंटरवर एक तरुण मुलगी बसली होती. "मरीज का नाम?"

मी मावशीकडे पाहिलं. मला तर ठाऊकच नव्हतं. मी इतकी वर्षं 'भाजीवाली'च म्हणत आले होते. काउंटरवाल्या मुलीनं पुन्हा विचारलं. ज्या मावशीनं काकांना भर बाजारात नावानं हाका मारल्या, तिच्या तोंडून हे एक नाव निघेना. मी कळवळून म्हटलं, "मावशे, सांग ना!" तिनं मुलीच्या हातातलं पेन ओढलं आणि पार्सलच्या पावतीवर लिहायची तशा मोठ्या अक्षरात नाव लिहून दिलं.

"रिश्ता?"

"भोजली," मावशी मोठ्यानं म्हणाली.

मुलीनं मान वर केली. "हव दाई," म्हणाली, 'हो आई' अशा अर्थानं, आणि पुढे काही विचारलं नाही.

नीलेशचा फोन आला. "आई, ट्रेन छूट जाएगी."

"छुटू दे. तू जाय बाबू. माह्याच्यानं नाही होत."

भोजली आठ दिवसांत बरी झाली. मावशी पुण्याला गेलीच नाही. चार वर्षं दोघी त्या पोत्यावर बसल्या, भांडल्या, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं. गेल्या माघात मावशी झोपेतच गेली. भोजली आली, मावशीचे पाय मांडीवर घेऊन बसली आणि उचलेपर्यंत हलली नाही. रडत होते सगळे, पण एवढं हक्काचं रडणं तिचं एकटीचं होतं. मला, शरम वाटते सांगायला, हेवा वाटला.

तेव्हापासून मला चैन पडत नव्हतं. मी आता चौपन्नची. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर पंधरा वर्षं सुनंदा होती. प्रमोशन मला मिळालं, तिला नाही, आणि बोलणं बंद झालं. तिचं घर माझ्यापासून दहा मिनिटांवर. परवाच्या रविवारी भर दुपारी निघाले. दोनदा अर्ध्यातून परत फिरले. शेवटी बेल दाबली.

सुनंदानं दार उघडलं. केस पांढरे झालेले. मला बघून तिचा चेहराच उतरला. "अवं, काय झालं? कोणी गेलं का?"

"नाही गं. तुलेच भेटाले आली," म्हणत मी चप्पल काढायला वाकले.

ती माझा हात धरून म्हणाली, "चप्पल राहू दे. आत ये आधी."