बांधावरच्या कैऱ्यांची पाई

मागच्या पेरणीच्या वेळी काकानं बाबांच्या मनगटावर काठी घातली. ते हाड वाकडंच जुळलं. बाबांनीही सोडलं नाही, दगडानं काकाचं कपाळ फोडलं. भांडण बांधावरच्या आंब्याचं होतं. वाटणीत बांध दोघांच्या मधोमध आला आणि झाड नेमकं बांधावर. रक्त पुसत काका म्हणाला होता, "तुमच्या चुलीचं अन्न मला इख हाय." बाबांनीही तशीच शपथ घेतली. तेव्हापासून दोघं शेतात कुऱ्हाडीशिवाय जात नव्हते. मी हॉस्टेलवर राहतो. घरून फोन आला की तो चटकन उचलवायचा नाही. एक मेला आणि दुसरा जेलात गेला, हेच कानावर येणार असं वाटायचं.

गुढीपाडव्याला आखाडा बाळापूरहून आत्या आली. ती दोघांपेक्षा मोठी. तिनं दोन्ही घरी जाऊन सांगितलं, "आज दोघं माझ्या डोळ्यासमोर एका जागी खातान. न्हाई तर हे माहेर मला मेलं."

पण खाणार कोणाच्या चुलीचं?

मला जे सुचलं ते सांगायला मी घाबरलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अन्नतंत्रज्ञान शिकतो. प्रात्यक्षिकात आम्हाला फळांची पाई शिकवली होती. मैद्याच्या पारीत फळं भरायची, वरून दुसरी पारी लावायची आणि भाजायची. त्या दिवशी बांधालगत आमची हळद शिजत होती. शिजवायचा बॉयलर वसमतकडच्या एका चाचांचा, भाड्यानं आज या शेतात तर उद्या त्या शेतात जाणारा. त्याच्याखालचा विस्तव आमच्या चुलीचा नव्हता आणि काकाच्याही नव्हता.

आत्याला हे पटलं. "बराबर हाय. चाचाच्या इस्तवाला कोण नाव ठेवतंय?"

फळं म्हणून मी त्याच आंब्याच्या कैऱ्या तोडल्या. झाड दोघांचं, म्हणून दोन्ही बाजूंच्या फांद्यांवरून घेतल्या. मला ते न्यायाचं वाटलं.

मी मैद्यात तूप चोळत होतो. उन्हानं ते बोटांतच वितळत होतं. आत्या विळीवर कैऱ्या कापत होती. म्हणाली, "कॉलेजात सैपाक शिकून राहिला व्हय रे? मग बायको काय करंल तुझी?"

"खाएगी, और क्या!" चाचा बॉयलरच्या पलीकडून ओरडले.

कैरी, गूळ, वेलची आणि थोडं मीठ भरून मी जर्मनचा डबा बंद केला. चाचांनी फावड्यानं इंगळ ओढून दिले. थोडे डब्याखाली घातले, थोडे झाकणावर.

दोघं आले. बाबा आमच्या बाजूनं, काका त्याच्या बाजूनं. दोघांच्याही खांद्यावर कुऱ्हाड. आत्यानं दोघांच्या हातून कुऱ्हाडी काढून जळतणाच्या ढिगावर टाकल्या आणि दोघांना बांधावर बसवलं. मी झाकण उचललं. आंबटगोड वास सुटला.

काकानं वास घेतला. "कैऱ्या कुठल्या?"

मला खोटं बोलता आलं नाही. "या झाडाच्या. दोन्ही बाजूंच्या घेतल्या, काका."

"माझ्या फांदीला हात लावला? कोणाला इचारून?"

माझ्या कानाखाली जाळ निघाला. मी डब्यावरच पडणार होतो.

"लेकराला मारतो काय रे!" बाबांनी काकाची मान धरली. दोघं बांधावरून खाली गडगडले. ढेकळांवर डोकी आपटत होती. मधे पडलेल्या आत्याच्या तोंडावर कोणाचं तरी कोपर बसलं आणि तिचा ओठ फाटला. चाचा फावडं टाकून धावले, पण बाबा त्याआधी उठले होते. त्यांच्या हातात कुऱ्हाड होती.

काका उताणा पडला होता. तो हलला नाही. "घाल," तो म्हणाला. "घाल, होऊन जाऊ दे."

मी बाबांच्या पायाला मिठी मारली. त्यांनी एकदा काकाकडे पाहिलं, एकदा आत्याच्या रक्तानं भरलेल्या हनुवटीकडे. मग मला झिडकारून ते वळले आणि पहिला घाव आंब्यावर घातला.

"ये! एकटा तोडतो काहून?" काका धडपडत उठला. "माझं बी झाड हाय ते!" त्यानं ढिगावरची दुसरी कुऱ्हाड उचलली आणि पलीकडून घाव घातला.

खोड मांडीएवढं होतं. दोघं समोरासमोर, शिव्या देत, झाडावर तुटून पडले होते. प्रत्येक घाव ते कोणाला घालत होते ते आम्हाला दिसत होतं. ढलप्या उडून अंगावर येत होत्या. कोणी कोणाला आवरलं नाही. बऱ्याच वेळानं झाड कडाडलं आणि कोवळ्या कैऱ्यांसकट बांधावर आडवं झालं.

मग नुसती धाप ऐकू येत होती. आत्यानं ओठाला पदर लावला आणि दुसऱ्या हातानं पाई मोडली. राख पडलेला एक तुकडा बाबांना दिला, एक काकाला.

"बसून न्हाई खाणार," काका म्हणाला.

"उभ्यानं खा. पण खा."

दोघांनी एकमेकांकडे पाठ करून, उभ्यानंच खाल्लं.

"मीठ जास्त झालं," बाबा म्हणाले. कोणाला म्हणाले, कळलं नाही.

"गूळ कमी हाय," काका म्हणाला.

मधे आडवं झाड होतं. दोघांच्या एका हातात पाई होती आणि दुसऱ्यात अजून कुऱ्हाड. ती मागायची माझी हिंमत झाली नाही. मी डब्यातला आणखी एक तुकडा काढला आणि आधी कोणाकडे न्यावा, ते ठरवत उभा राहिलो.